न वाळलेली पट्टी

श्रावणभाऊंविषयी लिहायला घेतले की पहिली अडचण येते ती त्यांना कोणत्या रकान्यात बसवावे याची. कारागीर म्हणावे, तर हातात आलेले काम ते स्वतःच्या तोंडाने घालवत. सल्लागार म्हणावे, तर दोन वर्षांत त्यांनी मला एकही सरळ सल्ला दिला नाही. साधे ठेकेदार म्हणावे, तर माझ्या नोकरीतल्या ज्या तीन शिफारशींचा मला आजही अभिमान वाटतो, त्या तिन्ही त्यांच्यामुळे बदलल्या होत्या. त्या कशा बदलल्या, हे मला अजूनही क्रमवार सांगता येत नाही.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी नागपूरच्या एका सल्लागार कंपनीत लागले. शोरूम, गोदामे, रिसॉर्ट अशा व्यापारी इमारतींना कोणती फरशी योग्य, ते तपासून लेखी शिफारस करणे हे काम. मी चंद्रपूरची, म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे माझ्याकडे आले. प्रश्न बहुतेक वेळा दोन पर्यायांवर येऊन थांबे: पॉलिश्ड काँक्रीट की इपॉक्सी. पहिल्यात काँक्रीटचा स्लॅबच हिऱ्याच्या चकत्यांनी घासायचा, त्याला कडक करणारे द्रव्य पाजायचे आणि त्याचेच तेज वर आणायचे. दुसऱ्यात त्याच स्लॅबवर दोन रसायने कालवून एक अखंड, चकचकीत कातडी चढवायची. यासाठी मी अकरा निकषांचा तक्ता बनवला होता. प्रत्येक निकषाला भार, प्रत्येक पर्यायाला गुण, खाली बेरीज. तिशीच्या आत विभागप्रमुख होण्याच्या माझ्या बेतात या तक्त्याला मानाचे स्थान होते.

श्रावणभाऊ घिसाईचे, म्हणजे फरशी घासण्याच्या कामाचे, ठेकेदार. घर नागभीडजवळच्या खेड्यात. साठी उलटलेली, अंगकाठी बारीक, आणि तळहात इतके गुळगुळीत की त्यांवरच्या रेषाही घासल्या गेल्यासारख्या. तरुणपणी त्यांनी चंद्रपुरातल्या कितीतरी बँका, दवाखाने आणि टॉकीजच्या मोझॅक फरश्या घासल्या होत्या. तेच काम नवी यंत्रे आणि नवे नाव घेऊन परतले, तेव्हा त्यांना भारी गंमत वाटली.

"चाळीस वर्सं घिसाई केली तं कोणी पाह्यलं नाई," ते म्हणायचे. "आता इंग्रजी नाव ठेवलं तं लोकं उकिडवे बसून फोटो काढून राह्यले."

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण माझ्या गोंधळाचे मूळ तिच्यात आहे. पॉलिश्ड काँक्रीट ठरले, तर सगळे काम श्रावणभाऊंचे. इपॉक्सी ठरली, तर त्यांच्याकडे फक्त सुरुवातीची घासणी. पुढचे काम नागपूरच्या टोळीचे. म्हणजे त्यांचा कल कुठे असणार, हे आधीच ठाऊक असायला हवे होते. मी तसे गृहीत धरूनच त्यांना पहिल्यांदा भेटले.

भेट झाली ती चंद्रपुरातल्या एका मोटारसायकलींच्या नव्या शोरूममध्ये. भिंतींना प्लास्टर नव्हते, जागोजागी खिळे पडलेले, आणि हे गृहस्थ उंबऱ्याबाहेर चपला काढून अनवाणी आत आले. मी सुरक्षेचा नियम सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि तसेच चालत राहिले. मध्येच वाकून, तळहात पाण्यात बुडवून त्यांनी स्लॅबवर ठेवला, उचलला आणि उमटलेला ओला पंजा वाळेपर्यंत तिथेच बसून राहिले. मग विचारले, "मॅडम, इथी काय सांडन?"

"म्हणजे?"

"फरशीवर काही नं काही सांडतेच न जी. काय सांडन, ते सांगा."

मी तक्ता उघडला. ऑइल, पेट्रोलचे थेंब, पाणी. वर्दळ जास्त, उजेड चांगला. बेरीज पॉलिश्ड काँक्रीटच्या बाजूने स्पष्ट होती. हे ऐकून त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी मॅनेजरला विचारले, "जुन्या दुकानात पोछा कोण मारते?"

मॅनेजरने झाडलोट करणाऱ्या बाईंना बोलावले.

"बाई, पोछाच्या पाण्यात काय टाकता?"

"ॲसिड. थोडुसंच टाकते मी. त्याच्याबिगर चमक येत नाई न."

"मालकानं नको म्हटलं तं?"

"मालक काय पोछा मारते का?"

मॅनेजर हसला. श्रावणभाऊ हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. माझ्या तक्त्यात देखभालीच्या ओळीत 'सौम्य द्रावणाने धुणे' असे लिहिले होते. ॲसिड आणि सिमेंटमधला चुना यांची अभिक्रिया मी शाळेत असताना फळ्यावर लिहून दाखवली होती. वर्षभरात त्या पॉलिशवर पांढरे चट्टे उठले असते. शिफारस बदलली, इपॉक्सी झाली.

बाहेर आल्यावर मी म्हटले, "श्रावणभाऊ, तुमचं काम गेलं."

"गेलं न," ते म्हणाले, आणि समोरच्या टपरीवर दोन कट चहा सांगितले.

मी मनात नोंद केली: हा माणूस काही कारणाने इपॉक्सीच्या बाजूचा आहे. ही नोंद मोहर्लीला खोडावी लागली.

वाघांच्या जंगलाच्या वेशीवरच्या या मोहर्लीतल्या एका नव्या रिसॉर्टच्या मालकांना स्वागतकक्ष आणि व्हरांडा पांढऱ्या इपॉक्सीचा हवा होता. "आरशासारखा. पाहुण्याला आपला चेहरा दिसला पाहिजे," असे त्यांचे शब्द. सफारीवरून येणाऱ्यांच्या बुटांचा चिखल, सांडणारी पेये, रोजची धुलाई, हे सारे धरून माझी बेरीजही त्याच बाजूला होती. श्रावणभाऊंनी व्हरांड्याच्या कडेला उभे राहून झाडांकडे पाहिले आणि म्हणाले, "माकडं येतीन."

मालक म्हणाले, "अहो, जंगलात माकडं येणारच. त्याचा फरशीशी काय संबंध?"

"येतीन जी," ते पुन्हा म्हणाले.

मला त्यांची बाजू सावरून घ्यावीशी वाटली. उघड्या व्हरांड्यात उन्हाने इपॉक्सी पिवळी पडते, असे मी समजावले. रेणूंची रचनाही थोडक्यात सांगितली. श्रावणभाऊंनी सारे मन लावून ऐकले. "हे बी हाये," ते म्हणाले. "पण माकडं."

शेवटी नमुना म्हणून व्हरांड्याच्या कोपऱ्यात चटईएवढी चकचकीत इपॉक्सी केली. चौथ्या दिवशी मालकांचा फोन आला. एक थोराड वानर सकाळपासून त्या चौकोनासमोर बसून आतल्या वानराला दात विचकत होता, थपडा मारत होता, आणि कोणी हाकलायला गेले की त्याच्यावरही धावत होता. इपॉक्सीऐवजी काँक्रीटच, चमक न आणता, साधे घासायचे ठरले. काम श्रावणभाऊंना मिळाले. माझ्या अहवालात 'परावर्तनजन्य अडचण' असा शब्द आला. वरिष्ठांनी त्यावर प्रश्नचिन्ह काढून पाठवले.

"तुम्ही हे आधी कुठे पाहिलं होतं?" मी विचारले.

"नाई जी. मी तं मोहर्लीले पह्यल्यांदाच आलो."

"मग सांगितलं कसं?"

"मले वाटलं."

'वाटलं' या शब्दाला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. मी बारावा निकष जोडायचा प्रयत्न केला. त्याला नाव सुचेना, म्हणून तो कोराच राहिला.

आता मुख्य प्रसंगाकडे येते. गडचिरोलीच्या वाटेवरच्या एका जंगलगावातल्या बावीस बायांच्या गटाने मोहफुले साफ करून भरण्यासाठी एक हॉल बांधला होता. गटाच्या प्रमुख बेबीबाई. चाळिशीच्या, आवाज खणखणीत, हिशेबाला पक्क्या. बाहेरची एक कंपनी त्यांची फुले खाण्याच्या दर्जाची म्हणून घ्यायला तयार झाली होती. अट एकच, की फरशी धूळ न धरणारी आणि धुता येणारी हवी. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कंपनीचा माणूस तपासायला येणार होता. हॉल नापास झाला, तर यंदाचाही मोह माती-काडीसकट रस्त्यावरच्या व्यापाऱ्याकडे जाणार होता. "दोन वर्सं पळून राह्यले मी ह्याच्यापायी," बेबीबाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या. "फरशीच्यानं अडलं तं बाया मले गावात राहू नाई देणार."

फेब्रुवारी निम्मा झाला होता. मी स्लॅब पाहिला आणि पहिल्यांदाच माझ्या तक्त्याने उत्तर द्यायला नकार दिला. मोहफूल म्हणजे साखर. ते फरशीवर चिरडले की आंबते, आंबले की आम्ल होते, आणि आम्ल पॉलिश्ड काँक्रीट खाते. म्हणून इपॉक्सी. पण हॉल उभा होता जुन्या बांधीवर, म्हणजे बांध घालून धान लावायच्या शेतावर, आणि शेजारच्या बांध्यांमध्ये तलावाच्या पाण्यावर उन्हाळी धान लावलेले होते. जमिनीतली ओल स्लॅबमधून वर आली, तर इपॉक्सीची कातडी फोड येऊन सुटते. म्हणून पॉलिश्ड काँक्रीट. एक पर्याय वरून मरणार, दुसरा खालून.

"श्रावणभाऊ, तुम्ही सांगा," मी म्हटले.

ते बराच वेळ अनवाणी फिरले. मग म्हणाले, "मले नाई समजून राह्यलं, मॅडम."

मी खचले, असे म्हणायला हरकत नाही. तरी आराखड्यात स्लॅबखाली ओल अडवणारा जाड प्लास्टिकचा थर दाखवला होता, हा एक आधार होता. ओलमापक यंत्राने मी नऊ ठिकाणी मोजमापे घेतली, सगळी समाधानकारक. श्रावणभाऊंनी त्यांची पद्धत वापरली. बेबीबाईंकडून स्टीलची थाळी आणि कणकेचा गोळा मागून घेतला, थाळी स्लॅबवर उपडी ठेवून कडेने कणीक लिंपली. दुसऱ्या दिवशी थाळी उचलली. आत पाण्याचा थेंब नव्हता. मात्र त्यांनी थाळी एकाच जागी ठेवली, दारापाशी. एवढ्या अनुभवी माणसाने एकच जागा का तपासावी, हे मी तेव्हाच विचारायला हवे होते. मी इपॉक्सीची शिफारस लिहिली. श्रावणभाऊंनी स्लॅब घासून, झाडून तयार केला. तिसऱ्या दिवशी नागपूरची टोळी यायची होती.

त्या सकाळी मी हॉलवर पोहोचले तेव्हा सगळा स्लॅब शेणाने सारवलेला होता.

घासून उघडा केलेला, धुळीचा कणही चालणार नाही असा पृष्ठभाग, आणि त्याच्यावर बोटांनी सुबक कमानी काढून सारवण. दारात हळदकुंकू. आठ-दहा बाया कौतुकाने उभ्या. नागपूरचा मुकादम दारातूनच म्हणाला, "मॅडम, याच्यावर इपॉक्सी चिकटणार नाही. आम्ही परत जातो."

मी बेबीबाईंना विचारले, "हे कोणी सांगितलं?"

"सांगाले काय लागते?" त्या खरोखर चकित झाल्या होत्या. "नव्या घरात न सारवता मोह कोण नेते? पह्यली टोपली तं भुईवर उतरवा लागते. मंग तुमची चकचक करा न, कोण नाई म्हणते?"

तपासणीला आठ दिवस उरले होते. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यात 'अडाणी' हा शब्द होता, आणि तो मागे घेता आला असता तर बरे झाले असते. बाया दारातून मागे सरकल्या. श्रावणभाऊ मात्र माझ्याकडे बघतही नव्हते. ते सारवणाकडे बघत होते.

"मॅडम, हे काऊन नाई वाळलं?"

मी पाहिले. सारवण वाळून फिकट झाले होते, सगळीकडे, फक्त एक पट्टी सोडून. हॉलच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दोन हात रुंदीची, गडद आणि ओली. तिच्या दोन्ही कडा फूटपट्टीने आखाव्यात तशा सरळ. माझ्या नऊ जागा पट्टीच्या अलीकडे आणि पलीकडे होत्या. थाळी तर दारापाशी होती.

ओल सरळ रेषेत चालत नाही. पाणी कडा आखत नाही. मी हे मोठ्याने म्हटले. मग बेबीबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "ते प्लास्टिक..."

"कोणतं?"

"खालचं. स्लॅब टाकायच्या येळी अवकाळी पाणी आला जी. धानाचे पुंजने भिजून राह्यले होते. एक पट्टा आमी पुंजन्यावर टाकला. म्हटलं, भुईखाली कोणाले दिसते? धान तं दिसते."

स्लॅबखाली प्लास्टिकचे पट्टे शेजारी शेजारी अंथरायचे असतात. त्यांतला मधला एक पट्टा धानाच्या गंजीवर गेला होता, आणि ही गोष्ट तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होती. पण ती मला कोणी सांगितली नव्हती, कारण मी कोणाला विचारली नव्हती. मी आराखडा पाहिला होता.

"धान वाचलं का?" श्रावणभाऊंनी विचारले.

"वाचलं न भाऊ."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि बादली मागवून सारवण धुवायला लागले. मग बायाही लागल्या. थोड्या वेळाने मीही.

उपाय त्या दुपारी ठरला: पट्टीवर पॉलिश्ड काँक्रीट, म्हणजे तिथली ओल बाहेर निघू शकेल, दोन्ही बाजूंना इपॉक्सी, जिथे मोह ठेवायचा. दोन्हींच्या सांध्यात लवचिक भराव. कोणत्याही पुस्तकात अशी फरशी मी पाहिली नव्हती. टोळी थांबली, सहाव्या दिवशी काम पूर्ण झाले.

तपासणीला आलेल्या माणसाने हॉलमध्ये पाऊल टाकताच विचारले, "मध्ये हे वेगळं काय आहे?"

बेबीबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी ओलीच्या दाबावरचे दोन पानांचे टिपण तयार ठेवले होते. ते काढायच्या आत श्रावणभाऊ म्हणाले, "चालाची वाट हाये जी. टोपल्या घेऊन बाया त्याच्यावरून जातीन, मोह दोहीकडं राहीन. मोहावर पाय नाई पडला पाह्यजे न."

त्या माणसाला हे फार आवडले. त्याने कागदावर 'स्वतंत्र मार्गिका' असे लिहून पुढे बरोबरची खूण केली. हॉल पास झाला. बेबीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदराने तोंड झाकून हसल्या की रडल्या, ते कळले नाही.

ते उत्तर खोटे होते का? त्या क्षणी होते. पण त्या हंगामात बाया खरोखरच त्या पट्टीवरून चालल्या, अजूनही चालतात, आणि मोहावर पाय पडत नाही. मग ते खोटे केव्हा थांबले?

याहून मोठा प्रश्न दुसराच आहे. परतताना एक म्हातारी बाई मला सहज म्हणाली, "भाऊनंच तं म्हटलं, सारवून घ्या म्हणून. आदल्या दिवशी जेवाले होते न बेबीकडं." मी उलट फिरून बेबीबाईंना विचारले. "छे जी! भाऊ काऊन सांगन? आमची रीतच हाये." श्रावणभाऊंना विचारले. ते यंत्राची वायर गुंडाळत होते.

"लय चांगलं सारवलं होतं," ते म्हणाले.

मी शक्यता मांडून पाहिल्या. त्यांना प्लास्टिकची गोष्ट कळली असेल, आणि गावातल्या बायांना माझ्यासमोर उघडे पाडण्यापेक्षा त्यांनी स्लॅबलाच बोलू दिले असेल. किंवा काही कळले नसेल, फक्त 'वाटलं' असेल. किंवा म्हातारीची आठवण चुकत असेल, आणि सगळा योगायोग असेल. तिन्ही शक्यता उपलब्ध माहितीशी सारख्याच जुळतात. पहिली खरी असती, तर ते शिफारस लिहिण्याआधीच का बोलले नाहीत? तिसरी खरी असती, तर ओली पट्टी पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य का नव्हते? की होते, आणि मी तेव्हा बायांवर ओरडण्यात गुंतले होते?

त्यांना मी शेवटचे पाहिले ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. पुढे गुडघ्यांनी साथ सोडली, यंत्र विकून ते सिरोंच्याला मुलीकडे गेले, एवढे ऐकून आहे. पावसाळ्यात फरशी तगली की नाही हे पाहायला आम्ही दोघे त्या हॉलवर गेलो. चहूकडे रोवणी झालेल्या बांध्या पाण्याने भरलेल्या. आतली पट्टी ओलीने काळसर झाली होती, आणि दोन्हीकडची इपॉक्सी जशीच्या तशी होती. कंपनीने दुसऱ्या हंगामाची मागणी आधीच कळवली होती. बेबीबाई ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून आम्हाला दाखवायला घेऊन आल्या होत्या.

मी मोजमापे घेत होते. श्रावणभाऊ खिडकीखालच्या कोपऱ्यात उकिडवे बसलेले दिसले. जवळ गेले. इपॉक्सीवर तिथे एक फोड होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. पट्टीपासून सगळ्यांत लांब. माझ्या यंत्राने तो कोपरा सर्वांत कोरडा दाखवला होता, सारवणही तिथे सगळ्यांच्या आधी वाळले होते, आणि खालचे प्लास्टिक तिथे शाबूत होते. ते बेबीबाईंनी शपथेवर सांगितले.

श्रावणभाऊंनी फोड अंगठ्याने दाबला. तो दबला नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले.

"बाई, हा कोठून आला?"

दोन वर्षांत त्यांनी मला खरोखर उत्तर हवे म्हणून विचारलेला हा एकच प्रश्न. त्यांच्या चेहऱ्यावर काही लपवल्याची खूण नव्हती. मी नीट पाहिले. ते खरोखर वाट बघत होते.

"मला माहीत नाही," मी म्हटले.

त्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढला, फोडाभोवती एक लहान गोल काढला, त्याखाली वाकड्या अक्षरांत त्या दिवसाची तारीख लिहिली, आणि मला बसता यावे म्हणून थोडे बाजूला सरकले.